उतारावरचं युओनिमस: इंग्लंडमधल्या अंगणात दुरंगी पानांचं झाड लावताना

बर्कशायरमध्ये आम्ही घर घेतलं ते एप्रिल २०२१ मध्ये. नव्वदच्या दशकातली वसाहत, घरं एका साच्यातली. आमच्या घरापुढे आठेक चौरस मीटरचा उतार आहे आणि बैठकीच्या खिडकीखाली विटांची उघडी भिंत. घराचं तोंड उत्तरेला, त्यामुळे हिवाळ्यात तिथे ऊन पडत नाही. गवत जागोजागी गेलेलं, उरलेल्यात शेवाळ, आणि उतारावर गवत कापायचं यंत्र नीट धरता येत नाही.

आज त्या उतारावर पांढऱ्या कडांच्या हिरव्या पानांचं दाट आच्छादन आहे, बारा महिने. त्याच जातकुळीतलं दुसरं एक रोप भिंतीवर खिडकीच्या वर गेलं आहे. इथल्या मराठी मैत्रिणींनी इतक्यांदा विचारलं की सगळं पहिल्यापासून लिहून काढते आहे, कागदपत्रांसकट. मला स्वतःला धास्ती मातीपेक्षा कागदांचीच जास्त होती.

पहिला सल्ला सगळ्यांनी एकच दिला, फरशी घाला. गाडीही उभी राहील, कटकट मिटेल. पण १ ऑक्टोबर २००८ पासून इंग्लंडमध्ये पुढच्या अंगणात पाच चौरस मीटरपेक्षा जास्त जागेवर पाणी न मुरणारी फरशी घालायची असेल आणि पावसाचं पाणी आपल्याच जमिनीत मुरवायची सोय नसेल, तर प्लॅनिंग परमिशन, म्हणजे बांधकामाची परवानगी, लागते. पाणी मुरणारी फरशी चालते, पण उतार सपाट करण्यासकट तिचा खर्च आमच्या आवाक्याबाहेरचा होता. शिवाय खरं सांगायचं तर मला तिथे झाडच हवं होतं. मी दिंडोरीकडची, द्राक्षबागेत वाढलेली. घरापुढे सिमेंट बघत चहा प्यायची कल्पनाच सहन होईना.

युओनिमस फॉर्च्युनी हे झाड इंग्लंडमध्ये राहणाऱ्या प्रत्येकाने पाहिलेलं असतं, नाव माहीत नसतं एवढंच. सुपरमार्केटच्या पार्किंगच्या कडेला, दवाखान्याच्या दाराशी, वाचनालयाबाहेर, बोटाच्या पेराएवढ्या चिवट पानांचं बुटकं झुडूप. ‘एमराल्ड गेइटी’ या वाणाच्या पानांना पांढरी कड असते, ‘एमराल्ड एन गोल्ड’च्या पानांना पिवळी. दोन्हींना रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीचं अवॉर्ड ऑफ गार्डन मेरिट आहे. सावली चालते, चिकणमाती चालते, उणे दहाच्या खालची थंडीही सोसतं. मोकळ्या जमिनीवर सोडलं तर पसरतं, भिंतीला टेकवलं तर खोडातून बारीक मुळं काढून चढतं. पार्किंगमधल्या धुरात आणि कोणी लक्ष न देता जे तगतं, ते आपल्याकडे नक्की तगेल, असा माझा हिशोब होता. उतारासाठी ‘एमराल्ड गेइटी’ आणि भिंतीसाठी, जास्त उंच जाते म्हणून, ‘सिल्व्हर क्वीन’ असं ठरवलं. उत्तरेच्या अंधाऱ्या बाजूला पिवळ्यापेक्षा पांढरी कड जास्त उठून दिसते, हे माझं स्वतःचं मत.

मग कागद. शेजारच्या आजी इथे पहिल्यापासून राहतात. त्या म्हणाल्या, “पुढच्या बाजूला काही लावण्याआधी तुमच्या घराचे कागद वाचा. इथे कुंपणाला बंदी आहे.” अशा वसाहतींत घराच्या पुढच्या रेषेच्या पलीकडे भिंत, कुंपण किंवा हेज (झाडांचं सलग कुंपण) करायचं नाही अशी अट विक्रीच्या कागदातच घातलेली असते आणि घर कितीदा विकलं गेलं तरी ती घराबरोबर जाते. ती बघायची तर एचएम लँड रजिस्ट्रीच्या सरकारी संकेतस्थळावरून टायटल रजिस्टर, म्हणजे घराच्या मालकीची आणि अटींची नोंद, उतरवून घ्यायचं. तेव्हा त्याला ३ पौंड पडले. डिसेंबर २०२४ पासून ७ पौंड झाले आहेत. सरकारी वाटणारी खाजगी संकेतस्थळं हाच कागद कितीतरी जास्त पैसे घेऊन देतात, तेव्हा पत्ता नीट बघून घ्या. रजिस्टरचे तीन भाग असतात, ए, बी आणि सी. आपल्याला लागणाऱ्या अटी बहुधा सी भागात, म्हणजे चार्जेस रजिस्टरमध्ये सापडतात. आमच्या सी भागात अटींचा पूर्ण मजकूर नव्हता, फक्त जुन्या ट्रान्सफर डीडचा उल्लेख होता. ती मूळ प्रत ओसी२ फॉर्म भरून पोस्टाने मागवली. त्याची फी वेगळी, आणि पाकीट यायला तीन आठवडे लागले.

मजकूर आजी म्हणाल्या तसाच निघाला. जमिनीलगत पसरणारं झुडूप हेज ठरतं का, हे मात्र त्यात कुठेच नव्हतं. वसाहतीची देखभाल करणाऱ्या कंपनीला ईमेल केली. आठवडे गेले, उत्तर नाही. पुन्हा लिहिलं, तेव्हा कळलं की लेखी संमतीसाठी ४५ पौंड फी भरायची आणि सोबत नकाशा जोडायचा. मला राग आला होता, पण नंतर घर विकताना हाच कागद विचारतात असं समजलं, म्हणून भरले. पत्रात काय लिहिलं ते सांगते, कुणाच्या तरी उपयोगी पडेल. झाडाचं पूर्ण नाव. उंची ४५ सेंटीमीटरच्या वर जाऊ देणार नाही. सलग ओळ नाही, पसरट आच्छादन आहे. पदपथावर फांदी येणार नाही याची जबाबदारी माझी. शेवटचा मुद्दा मुद्दाम घातला. हायवेज अ‍ॅक्ट १९८० नुसार पदपथावर झुकलेली झाडी छाटायला काउन्सिल (इथली पालिका) नोटीस देऊ शकते, आणि आपल्याला ते माहीत आहे हे समोरच्याला दिसलेलं बरं. हाताने काढलेला नकाशा आणि तीन फोटो जोडले. सप्टेंबरच्या मध्यावर दोन ओळींची संमती आली. भिंतीवरच्या वेलीला परवानगी लागणार नाही, हेही त्यात लिहून घेतलं.

त्या वाट बघण्याच्या महिन्यांत मी या झाडाबद्दल जमेल तेवढं वाचलं. ‘फॉर्च्युनी’ हे नाव रॉबर्ट फॉर्च्यून या स्कॉटिश माणसावरून आलं. ईस्ट इंडिया कंपनीने १८४८ मध्ये त्याला चीनमध्ये पाठवलं होतं. तिथून त्याने चहाची हजारो रोपं आणि बिया गुपचूप बाहेर काढल्या आणि हिमालयातल्या मळ्यांसाठी भारतात पोचवल्या. काचेच्या बंद पेट्यांत रोपं घालून, बोटीवरून. नानांना, माझ्या वडिलांना, हे फोनवर सांगितलं तर त्यांना त्या पेट्यांचंच कौतुक वाटलं. इतके महिने समुद्रावर रोप जगवायचं म्हणजे पाणी कसं दिलं असेल, हेच विचारत राहिले.

नानांचा या सगळ्यात मोठा वाटा आहे. सप्टेंबरमध्ये संमती आली म्हटल्यावर मी लगेच रोपं आणायला निघाले होते. ते म्हणाले, “अगं, जमीन तयार नसताना रोप आणून कुठं ठेवशील? आधी वाफसा बघ.” इथल्या अंगणातली माती पिवळट, चिकण. ओली असताना कुदळ मारली की ढेकळं होतात आणि वाळली की कुदळच आत जात नाही. मधले चार-सहा दिवस असतात, मूठभर माती दाबली तर गोळा होतो पण बोटाने टिचकी मारल्यावर फुटतो. तो वाफसा. पुस्तकांत इथे “माती फार ओली नसताना खणा” एवढंच लिहितात.

खणण्याआधी लाइनसर्च बिफोर यू डिग या संकेतस्थळावर पत्ता टाकून गॅस आणि विजेच्या तारा कुठून जातात ते विचारलं. घरगुती कामासाठी ही सेवा मोफत आहे. आमची गॅसची नळी उताराच्या डाव्या कडेने जाते, म्हणून तिथे फक्त खुरप्याने काम केलं. गवताचा थर चौकोन कापून काढला. एक सांगून ठेवते, काउन्सिलच्या बागकचऱ्याच्या डब्यात आमच्याकडे माती आणि गवताचे थर घेत नाहीत, आणि केंद्रावर नेली तर मातीचे पैसे पडतात. मी ते चौकोन मागच्या अंगणात उलटे, गवत खाली करून रचून ठेवले आणि वर काळा कागद टाकला. पुढच्या वर्षी त्याची भुसभुशीत काळी माती झाली, ती कुंड्यांना वापरली. उतारावर फावड्याच्या अर्ध्या पात्याइतकं खोल खणून कुजलेलं कंपोस्ट मिसळलं. हरळीसारखं जमिनीखालून पळणारं काउच ग्रास होतं, त्याच्या पांढऱ्या मुळ्या बोटांनी ओढून काढल्या. हे काम कंटाळवाणं आहे, पण सगळ्यात महत्त्वाचं हेच. रोपं एकदा पसरली की आतलं काउच ग्रास काढता येत नाही.

रोपं ऑक्टोबरच्या शेवटी आणली. आपल्याला लावणी म्हटलं की मृगाचा पाऊस आठवतो. इथे चिवट झुडपांची लावणी शरदात करावी. माती अजून उबदार असते, पाऊस फुकट मिळतो आणि मुळांना वसंतापर्यंत वेळ मिळतो. नाशिककडे तेव्हा द्राक्षांची ऑक्टोबर छाटणी चाललेली असते, त्यामुळे दोन्हीकडे संध्याकाळी बोलणं हातांना लागलेल्या चिकाचं आणि मातीचं.

मोठी झुडपं दोन लिटरच्या कुंडीत, बारा पौंडांना एक. नऊ सेंटीमीटरच्या छोट्या कुंडीतलं रोप साडेचारला. मी उतारासाठी सगळी छोटी घेतली, चौरस मीटरला चार या हिशोबाने, आणि भिंतीसाठी ‘सिल्व्हर क्वीन’ तेवढी मोठी. छोटी रोपं लवकर रुजतात, हा अनुभव आता माझाही आहे. घेताना कुंडी उलटी करून मुळं बघायची, गोल गोल गुंडाळलेली नकोत. आणि पानं उलटून खालची बाजू बघायची, ते का ते पुढे येईल.

भिंतीजवळ दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. विटांच्या खालच्या थरात ओल वर चढू नये म्हणून एक पट्टी असते, डॅम्प प्रूफ कोर्स. माती तिच्या खाली किमान १५ सेंटीमीटर, म्हणजे विटांचे दोन थर, राहिली पाहिजे. शिवाय जमिनीलगत हवेच्या जाळीदार विटा असतात, त्या झाकायच्या नाहीत. भिंतीच्या पायथ्याशी पाऊस पोचत नाही, म्हणून ‘सिल्व्हर क्वीन’ भिंतीपासून हातभर लांब लावून काठीने तिरपी टेकवली. विटांमधला चुना कच्चा असेल तर खोडाची मुळं त्यात शिरतात. आमचा पक्का आहे, तरी मी आडव्या तारा ताणल्या, म्हणजे फांद्या हव्या तिकडे वळवता येतात.

लावणीनंतर भरपूर पाणी, वर पाच सेंटीमीटर झाडाच्या सालीचं आच्छादन, आणि मग बरेच महिने काहीच दिसलं नाही. जानेवारी २०२२ मध्ये पानांच्या पांढऱ्या कडा गुलाबी झाल्या. मला वाटलं, गेली. थंडीत या पानांवर गुलाबी छटा येतेच आणि वसंतात जाते, हे कळेपर्यंत दोन रात्री नीट झोप लागली नाही. ज्यांनी यंदा लावलं आहे त्यांनी घाबरू नका.

त्या वर्षीचा उन्हाळा मात्र खरंच कठीण गेला. १९ जुलै २०२२ ला लिंकनशायरमधल्या कॉनिंग्सबीला ४०.३ अंश नोंदवले गेले, या देशातला आजवरचा उच्चांक. २४ ऑगस्टपासून थेम्स वॉटर या पाणीपुरवठा कंपनीच्या हद्दीत नळीने पाणी घालायला बंदी आली, ती २२ नोव्हेंबरला उठली. बंदीत झारीने पाणी घालता येतं. तांदूळ-डाळ धुतलेलं, भाज्या धुतलेलं पाणी बादलीत साठवून संध्याकाळी एकेका रोपाच्या बुडाशी घालायचो. उताराच्या वरच्या कडेची काही रोपं वाळली, बाकी तगली. पहिल्या उन्हाळ्यात या झाडाला पाणी लागतं. नंतर लागत नाही म्हटलं तरी चालेल. डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात सलग गोठण झाली, त्यात शेजारच्यांचं रोझमेरी गेलं. युओनिमसचं एक पानही गळलं नाही.

पहिली दोन वर्षं उतार विरळच दिसतो आणि मधल्या मोकळ्या जागेत तण येतं. याच काळात लोक कंटाळून झाड उपटतात असं मला वाटतं. मी दर आठवड्याला खुरपं घेऊन बसायचे, आईने दिंडोरीहून आणलेलं. (खुरपं चालतं, धुऊन, माती न लावता. मोगऱ्याच्या कांड्या मात्र तिला मागे ठेवाव्या लागल्या. लावायची रोपं किंवा कांड्या भारतातून आणायच्या तर फायटोसॅनिटरी, म्हणजे रोप निरोगी असल्याचं सरकारी, प्रमाणपत्र लागतं.)

२०२३ च्या वसंतात फुटवा जोरात आला आणि त्यात काही फांद्या पूर्ण हिरव्या निघाल्या. दुरंगी पानांत पांढऱ्या भागात हरितद्रव्य नसतं, म्हणून ती फांदी हळू वाढते. एखादा फुटवा मूळच्या हिरव्या रंगावर गेला की त्याची पानं जास्त अन्न करतात आणि काही वर्षांत तो बाकीच्यांना दाबून टाकतो. अशी फांदी शेंडा खुडून भागत नाही, निघाली तिथून, बुडातून काढायची. नानांना व्हिडिओवर दाखवलं तर म्हणाले, “द्राक्षाच्या कलमाखालच्या खुंटाला फूट येते तसंच आहे, दिसली की काढ.” मी महिन्यातून एकदा फेरी मारते, कात्री खिशात असते.

त्याच जूनमध्ये ‘सिल्व्हर क्वीन’च्या भिंतीकडच्या पानांवर पिवळे ठिपके दिसले. पान उलटलं तर खाली खोबऱ्याचा कीस चिकटल्यासारखं पांढरं, आणि खोडावर तपकिरी, शिंपल्याच्या आकाराचे बारीक खवले. युओनिमसची खवले कीड. पांढरे ते नर, तपकिरी त्या माद्या. ही कीड मुख्यतः युओनिमसच्याच जातींवर येते, आणि भिंतीजवळच्या कोरड्या, वारा न लागणाऱ्या जागी जास्त. जास्त भरलेल्या फांद्या कापून पिशवीत बांधून कचऱ्यात टाकल्या. उरलेल्या खोडांवरचे खवले ओल्या फडक्याने पुसले, आणि वनस्पतितेलावर आधारलेली फवारणी पानांच्या खालून केली. फवारणीची वेळ महत्त्वाची. पिल्लं बाहेर पडून फिरत असतात तेव्हाच ती लागू पडते, कवच चढल्यावर नाही. आमच्याकडे जूनच्या सुमाराला ती वेळ असते. पुढच्या वर्षीही फवारलं, आता तुरळक दिसते. पानांवर भुरीही, म्हणजे पांढरी पिठासारखी बुरशी, येते कधी कधी, पण दाट फांद्या थोड्या मोकळ्या केल्या की आटोक्यात राहते. द्राक्षांमुळे भुरीशी आमच्या घराची जुनी ओळख.

२०२४ च्या मेमध्ये उतार पूर्ण झाकला गेला. जमिनीला टेकलेल्या फांद्यांनी स्वतःच मुळं धरली होती, आपण दाब कलम करतो तशी, आणि वाळलेल्या रोपांच्या जागा त्यांनीच भरल्या. छाटणी वर्षातून एकदा, मार्चच्या आधी उरकते. मार्च ते ऑगस्ट पक्ष्यांच्या घरट्यांचा काळ. वापरातलं घरटं मोडणं वाइल्डलाइफ अँड कंट्रीसाइड अ‍ॅक्ट १९८१ खाली गुन्हा आहे, आणि भिंतीवरच्या दाट पानांत रेन (wren) हे चिमुकले पक्षी येतातच. मध्ये फक्त खिडकीच्या चौकटीवर आणि हवेच्या जाळीवर आलेले शेंडे खुडते. घरात लहान मुलं असतील तर पानं-फळं तोंडात जाऊ देऊ नका, पोट बिघडतं.

खर्च विचारतात म्हणून सांगते. कागद, संमती, रोपं, कंपोस्ट, साल, तारा मिळून तीनशे पौंडांच्या आसपास. मजुरी आमची.

न्यू जर्सी, व्हर्जिनियाकडच्या मैत्रिणींना मात्र हे झाड लावू नका असंच सांगेन. अमेरिकेच्या पूर्वेकडे ते बागेतून जंगलात शिरून तिथली जमीन झाकून टाकतं आणि अनेक राज्यांत आक्रमक वनस्पतींत गणलं जातं. तुमच्या राज्याची यादी बघा आणि स्थानिक झाडं निवडा. पुण्या-नाशिकच्या उन्हासाठीही मी ते सुचवणार नाही.

शेजारच्या आजींनाही आता त्यांचा उतार असाच करायचा आहे. माझ्या पत्राची प्रत त्यांना दिली आहे, त्यांनी फी भरून अर्ज पाठवला. मुळं धरलेल्या फांद्या मी कापून कुंड्यांत लावल्या आहेत. त्या मागच्या अंगणात सावलीच्या बाजूला आहेत, आणि कंपनीचं उत्तर अजून आलेलं नाही.